हा भांग कुणी पाडला?

आजीच्या कपाळाच्या मधोमध, भुवयांच्या किंचित वर, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी एक फिकी जागा होती. लहानपणी मी ती कधी पाहिली नव्हती, कारण ती कायम कुंकवाखाली असे. रोज सकाळी अंघोळ झाली की आजी पितळी करंड्यातले मेण मधल्या बोटाने कपाळावर लावी, ते गोल फिरवून बसवी आणि त्यावर पिंजर दाबी. पिंजर नाकावर सांडू नये म्हणून ती तेवढा वेळ श्वास रोखून धरीत असे. आरसा शेजारच्या कोनाड्यातच होता, पण तिने त्यात पाहिल्याचे मला आठवत नाही. बोटाला जागा ठाऊक होती. मी अकरा वर्षांची असताना आजोबा गेले. गल्लीतल्या बायकांनी आजीला न्हाणीघरात नेले आणि ती बाहेर आली तेव्हा ती जागा मी पहिल्यांदा पाहिली. शेतात राबून रापलेल्या त्या कपाळावर, पन्नासएक वर्षे ऊन न लागलेली ती कातडी उजळ आणि थोडी दबलेली दिसत होती. आजी त्यानंतर चौदा वर्षे जगली, पण ती जागा भरून आली नाही.

ऐतिहासिक नाटके, मालिका आणि चित्रपट यांच्यासाठी रंगभूषा आणि केशभूषा करणे हे गेली बावीस वर्षे माझे काम आहे. कोल्हापुरात राहून हे काम करणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांचे सेट उभे राहतात आणि नाटकांचे दौरे तर चालूच असतात. या कामात पहिल्यांदा एका विधवेची भूमिका माझ्याकडे आली, तेव्हा मी सगळे जण करतात तेच केले. त्या नटीचे कपाळ फाउंडेशनने एकसारखे, स्वच्छ करून टाकले. दिवसभर मॉनिटरवर ते कपाळ पाहताना काहीतरी खटकत होते आणि काय खटकते आहे ते मात्र कळत नव्हते. रात्री घरी, देव्हाऱ्याशेजारच्या त्याच कोनाड्याकडे लक्ष गेले आणि कळले. दुसऱ्या दिवशी मी तिचा चेहरा दोन छटा गडद केला आणि भुवयांच्या वर एक छटा फिका गोल काढून त्याच्या कडा बोटाने विरवून टाकल्या. कॅमेऱ्यावर तो जेमतेम दिसत होता आणि दिग्दर्शकांच्या तर लक्षातही आला नाही. पण ती नटी दिवसभर, संवाद नसलेल्या दृश्यांत, नकळत मधल्या बोटाने त्या जागेपाशी जाऊन हात मागे घेत होती. तिला मी काही सांगितले नव्हते. तिने फक्त आरशात पाहिले होते.

‘पीरियड’, म्हणजे जुन्या काळातले काम म्हटले की भरजरी काहीतरी करायचे असते, असा आपल्याकडे एक समज आहे. नथ मोठी, खोपा भरघोस, चंद्रकोर ठसठशीत, मिशी पिळदार, आणि सगळे कसे आत्ताच न्हाऊन आल्यासारखे. यात सौंदर्य आहे, हे मी नाकारीत नाही, आणि प्रेक्षकांना ते पाहायला आवडते यातही गैर काही नाही. पण अशा चेहऱ्यांवरून काळ कळतो, माणूस कळत नाही. सगळ्या सासवा एकाच अंबाड्यात आणि सगळे सरदार एकाच मिशीत वावरू लागले की नटाला आपल्या माणसाचे वेगळेपण केवळ संवादांतून उभे करावे लागते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या मते जुन्या काळाचे केस आणि आजचे केस यांतला खरा फरक घडणीचा नाही, हाताचा आहे. आज आपण आपले केस आपणच विंचरतो. त्या काळात केसांना जवळजवळ नेहमीच दुसऱ्याचा हात लागत असे. मुलीची वेणी आई किंवा आजी घाली, नव्या सुनेचा खोपा सासू नाहीतर जाऊ बांधी, श्रीमंताघरी दासी असे, पुरुषाची दाढी आणि डोके न्हाव्याच्या हाती असे. म्हणून संहिता हाती आली की प्रत्येक पात्राच्या नावापुढे मी पहिला प्रश्न हाच लिहिते: हे केस कुणी विंचरले, आणि कधी? रंग, टोप (म्हणजे डोक्यावर चढवायचे तयार केस), दागिने, फुले हे सगळे त्यानंतर येते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागले की पात्राचे घर दिसू लागते. आजी मला दोन्ही गुडघ्यांत धरून विंचरायची आणि म्हणायची, “हलू नगंस पोरी, भांग वाकडा आला तर बघणारी मला नावं ठिवतील.” भांग माझ्या डोक्यावर, पण अब्रू तिची. रागावलेल्या हाताने घातलेली वेणी कानशिलापाशी कातडी ओढून धरते आणि त्याने डोळ्यांचे कोपरे किंचित वर जातात. ज्या सुनेला घरात जाच आहे, तिचे केस मी असे ताणून बांधते आणि नटीला दिवसभर डोके ठणकल्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवते. जिची आई अजून जवळ आहे, तिच्या वेणीत पेड सैल असतात आणि मानेवर चार बटा सुटलेल्या असतात, कारण आईला घाई नसते. जिला कुणीच नाही, तिच्या मानेमागे गुंता राहतो, कारण तिथे आपला हात नीट पोचत नाही आणि डोळा तर मुळीच पोचत नाही. ‘कधी’ हा प्रश्नही तितकाच कामाचा आहे. न्हाण्याचे वार ठरलेले असत. शिकेकाईने धुतलेले केस पहिल्या दिवशी फुलून येतात, तेल घातल्यावर बसतात, चौथ्या दिवशी तेलात धूळ मिसळून त्यांची चमक जाते. मी प्रत्येक स्त्री पात्राचा न्हाण्याचा वार ठरवते आणि कथेतले प्रसंग त्या वारांवर मांडून पाहते. घरात आजारपण असेल तर ज्या स्त्रीवर सगळी सेवा आहे तिचे न्हाणे चुकते. हे संहितेत लिहिलेले नसते, केसांत लिहिता येते.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला चेहरा बदलण्याच्या कलेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधली जाते. मूर्ती तीच, काळ्या पाषाणातला चेहरा तोच. पण मळवट, डोळे, अलंकार आणि वस्त्र यांतून श्रीपूजक आज एक रूप उभे करतात आणि उद्या दुसरे. लहानपणी महाद्वारातून आत शिरताना आमची पैज लागायची की आज देवी रागावलेली असेल की हसरी असेल. मी ज्या ज्येष्ठ रंगभूषाकारांकडे हे काम शिकले, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. ते म्हणत, “दगड हलत नाही, तरी देवी बदलते. तुला तर हलणारा चेहरा दिलाय देवानं.”

शिवाय या गावाला सिनेमाचा वारसा आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली इथे तयार झाला. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ साली इथे सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत शिवकाळ पडद्यावर पुन्हा पुन्हा उभा राहिला. मूकपटांच्या त्या पहिल्या काळाबद्दल एक गोष्ट मला फार विचारात पाडते. तेव्हाची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. निळे पांढुरके दिसे आणि तांबडे काळे पडे. म्हणजे कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळा ठिपका होई, ओठ काळे दिसत, आणि ज्याच्या कातडीत तांबूस छटा असे त्याचा चेहरा डागाळलेला उमटे. रंगभूषाकाराला समोर जे दिसते ते विसरून कॅमेऱ्याला जे दिसेल ते रंगवावे लागे. बाबूराव स्वतः चित्रकार होते, पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळलेले, त्यामुळे रंगाचे करड्या छटेत काय होईल याचा हिशेब त्यांच्या हाताला परका नसावा. आज आमच्यापुढे अडचण उलट दिशेची आहे. कॅमेऱ्याला सगळेच दिसते. पूर्वीच्या टीव्हीच्या धूसर चित्रात टोपाची जाळी कपाळावर कुठे संपते ते लपून जाई. आता जाळीचा एकेक धागा दिसतो, म्हणून कपाळाच्या कडेला एका गाठीत एकच केस ओवावा लागतो. आकडीच्या बारीक सुईने असा एक पूर्ण टोप गुंफायला कित्येक दिवस जातात. ते केस बहुतेकदा कुणीतरी देवाला वाहिलेले असतात. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावाने विकले जातात आणि तिथून जगभर टोप करणाऱ्यांकडे पोचतात. टोप हातात घेतला की मला दर वेळी त्या नवसाची आठवण होते आणि मी तो जमिनीवर कधी ठेवीत नाही.

पुरुषांच्या डोक्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिले जाते. पेशवाईतला नोकरदार ब्राह्मण घ्या. त्याच्या डोक्यावर घेरा, म्हणजे कडेने भादरून मधे राखलेले केस आणि मागे शेंडी. सगळे पगडीच्या आत. पगडी ही त्याची जाहीर ओळख आणि पगडीखालचे डोके ही घरातली गोष्ट. एका नाटकात पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतला एक कर्जबाजारी कारकून होता. पहिल्या अंकात तो सावकारापुढे, वरिष्ठांपुढे, सगळीकडे ताठ बोलतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी घरी येऊन तो पगडी काढतो, एवढेच संहितेत लिहिलेले होते. मी नाटककारांना विचारले, की याच्याकडे न्हावी शेवटचा कधी आला असेल? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “देणं थकलं असेल. बरेच दिवस आला नसेल.”

मग मी त्या नटाला नुसती चकाकती टक्कल-टोपी चढवली नाही. ती टोपी कपाळावर चिकटवून तिची कड ॲसिटोनने विरघळवली, कातडीत मिसळवली. त्यावर स्पंजच्या टोकाने राखाडी-निळसर ठिपके दिले, कारण भादरलेल्या डोक्यावर केसांची मुळे कातडीखालून अशी निळी दिसतात. त्यावर बारीक कापलेल्या केसांचा भुगा पातळ गोंदावर शिंपडून पंधरवड्याची वाढ दाखवली, कानामागे दाट आणि वर विरळ. सगळ्यांत शेवटी पगडीची रेघ काढली. उन्हात फिरणाऱ्या माणसाच्या कपाळावर पगडी जिथे टेकते तिथे एक सीमा तयार होते. तिच्या खाली चेहरा रापलेला आणि वर डोके फिके. त्या सीमेवर घट्ट पगडीचा तांबूस वळ. प्रयोगात तो नट बायकोकडे पाठ करून बसायचा, पगडी काढून मांडीवर घ्यायचा, आणि प्रेक्षागृहात पहिल्या पाचसहा रांगांपर्यंत का होईना, एक शांतता पसरायची. बायको काही न बोलता तेलाची वाटी घेऊन यायची. त्या प्रवेशात दोन वाक्ये होती. तालमीत ती नाटककारांनी स्वतःच काढून टाकली.

राजांच्या बाबतीत मात्र रंगभूषाकाराच्या हाती फार थोडे असते. छत्रपती शिवाजी महाराजांचे समकालीन चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यांची टोकदार दाढी, कानाशी आलेले झुलपे, सरळ लांब नाक आपल्या सर्वांच्या मनात घर करून बसले आहे आणि प्रेक्षक त्या चेहऱ्याला आधीच नमस्कार करून बसलेला असतो. तिथे आपण नम्रपणे त्या चित्रामागे चालावे. आपली खरी परीक्षा महाराजांच्या मागे उभ्या असलेल्या हुजऱ्यात, चिटणिसात, मशालजीत असते. त्यांची चित्रे कुणी काढून ठेवलेली नाहीत. मशालजीच्या भुवया उष्णतेने करपलेल्या असतील की नाही, चिटणिसाच्या बोटांबरोबर त्याच्या मिशीच्या टोकालाही शाई लागत असेल की नाही, हे ठरवताना मला जितका आनंद होतो तितका क्वचित कशात होतो.

मिशीचेही एक शास्त्र आहे. जाळीवर गुंफलेली मिशी टिकाऊ आणि सारखी असते. पण गर्दीच्या दृश्यात पन्नास जणांना तशी देणे परवडत नाही, म्हणून क्रेपचे, म्हणजे पेडाने मिळणारे सुटे कुरळे केस हातानेच लावावे लागतात. स्पिरिट गम, म्हणजे कातडीवर चालणारा गोंद, लावून तो चिकट होईपर्यंत थांबायचे, केस तिरके कापायचे, खालून वर थर देत जायचे, आणि ओठाच्या मध्यावरच्या पन्हळीत कमी भरायचे, नाहीतर माणूस बोलू लागला की मिशी फडक्यासारखी हलते. मे महिन्यातल्या चित्रीकरणात घामाने ही मिशी कोपऱ्यातून सुटते. एकदा एका सरदाराची मिशी जेवणाच्या पंगतीत पुरणपोळीला चिकटून आली होती. त्या दिवसापासून पंगतीच्या दृश्यात मी गुंफलेलीच मिशी वापरते, खर्च कितीही होवो.

सगळ्यांत अवघड काम मी केले ते एका मालिकेसाठी. काळ १८८०च्या आसपासचा, घर ब्राह्मणाचे, आणि घरात दोन केशवपन केलेल्या विधवा: एक सत्तरीची आत्या आणि एक एकोणीस वर्षांची सून, जिचा नवरा जाऊन वर्ष झाले आहे. दोघीही लाल आलवणात, म्हणजे विधवांच्या साध्या लुगड्यात. वेशभूषेने दोघींना मुद्दाम सारखे केले होते आणि ते बरोबरच होते, कारण रूढीने त्यांना सारखेच केले होते. मग वेगळेपण डोक्यावरच दाखवावे लागणार होते. मी आत्याचे डोके चेहऱ्यापेक्षा फिके, गुळगुळीत, कवटीच्या खाचा दिसतील असे केले. पदराखाली पन्नास वर्षे ऊन न लागलेले डोके आणि त्याच्याखाली सुरकुतलेला रापलेला चेहरा, यांच्यामधली रेघ म्हणजे तिचे सगळे आयुष्य होते. सुनेच्या डोक्यावर मात्र मी केसांची खूण ठेवली. तिचे केस दाट होते, ते परत परत वाढू पाहत होते, म्हणून तिच्या टाळूवर निळसर खुंट आणि कानामागे वस्तऱ्याची एक सुकलेली जखम. हात थरथरला असेल तर तो कुणाचा, तिचा की न्हाव्याचा, हे प्रेक्षकांनी ठरवावे अशी माझी इच्छा होती.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी निर्मिती संस्थेकडून निरोप आला की मुलीचे डोके ‘स्वच्छ आणि सुंदर’ दिसले पाहिजे, खुंट नकोत, जखम तर नकोच; आणि शक्य असेल तर भुवया थोड्या कोरा, म्हणजे चेहरा उठून दिसेल. मी वाद घातला, मग विनंती केली. शेवटी खुंट पुसले, जखम पुसली, भुवयांना मात्र हात लावला नाही. पडद्यावर ती मुलगी खरेच सुंदर दिसली, आणि तिचे दुःख एखाद्या चित्रासारखे भिंतीवर टांगून ठेवल्यासारखे दिसले. त्या मालिकेचा तो भाग मी दुसऱ्यांदा पाहू शकले नाही. मी तेव्हा अधिक ठाम राहायला हवे होते, असे मला आजही वाटते. ते फक्त रंगभूषेचे काम नव्हते. ज्या हजारो मुलींच्या डोक्यावरून वस्तरा फिरला, त्यांच्यापैकी एकीचे डोके मला तेवढ्यापुरते सोपवले होते.

त्या वस्तऱ्याला एक दुसरा हातही होता, आणि तो हात एकदा थांबला, हे मला त्या कामाच्या निमित्ताने वाचताना पुन्हा भेटले. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. ‘हे केस कुणी विंचरले’ या माझ्या प्रश्नाची ही मला ठाऊक असलेली सगळ्यांत मोठी बाजू आहे. आणि आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की गावात नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ती बातमी वाचली त्या सकाळी मी आजीचा करंडा काढून पाहिला. मेण वाळून त्याला तडे गेले होते आणि मधोमध तिच्या बोटाचा खळगा तसाच होता.

कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले, ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच वर्षी त्याच चित्रपटाला रंगभूषेचे नामांकन होते आणि ते पारितोषिक दुसरीकडे गेले, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. मला त्या चित्रपटात सुरुवातीच्या बॅरिस्टराचा नीट पाडलेला भांग आणि शेवटचे उघडे डोके यांच्यामधला प्रवास पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. कपडे कमी होत जातात आणि केसही. दोन्ही विभागांनी एकमेकांकडे पाहत काम केले असणार, असे प्रत्येक दृश्यात जाणवते. आपल्याकडे वेशभूषा आणि केशभूषा यांची पहिली भेट बहुतेकदा चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी होते. पदर डोक्यावरून घ्यायचा आहे की खांद्यावरून, हे अंबाडा बांधून झाल्यावर कळते.

गेल्या वर्षी एका नाटकाचे काम माझ्याकडे आले. स्थळ कोल्हापूर, काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचा. नायिका संसारी घरातली, सासूच्या हाताखाली वाढलेली, जी पुढे शिक्षिका होते. तिच्यामागे आपल्या गावची खरी उदाहरणे होती: महाराजांनी मुलींच्या शिक्षणाचे काम ज्यांच्यावर सोपवले त्या रखमाबाई केळवकर, आणि त्यांची डॉक्टर झालेली मुलगी कृष्णाबाई. अशा स्त्रियांच्या जुन्या छायाचित्रांत मी नेहमी भांगाकडे पाहते. तो मधोमध, दोरी धरल्यासारखा सरळ असतो.

या नाटकासाठी रंगपटही नवा शोधावा लागला. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेले आणि पुढे गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. मी टोपाची कड बसवायला तिथल्याच आरशांसमोर शिकले होते. दादांनी माझ्या हातावर मारलेली चापट, “घाई नको, कपाळ पळून जात नाही,” हे तिथलेच. म्हणून आम्ही तालमी एका शाळेच्या सभागृहात केल्या आणि रंगपट म्हणून मिळालेल्या वर्गात बाकांवर टोप मांडले.

पहिल्या अंकात नायिकेचे केस सासू विंचरते, आणि ते दृश्य रंगमंचावर घडते. तो खोपा मी घट्ट, नीटस, एकही केस सुटणार नाही असा ठरवला. सासू साकारणाऱ्या बाईंना तो बांधायला मी महिनाभर शिकवले, कारण त्या दृश्यात हात खरा हवा होता. दुसऱ्या अंकात नायिका ट्रेनिंगसाठी घर सोडते आणि परत येते तेव्हा तिने केस स्वतः विंचरलेले असतात. त्याचा साधा, एका हाताला जमेल असा अंबाडा मी ठरवला आणि रंगीत तालमीच्या दिवशी तिला म्हटले, की आज तुझे केस तूच बांध. ती म्हणाली, “ताई, मला नाही जमणार, माझा भांग नेहमी सरकतो.” मी म्हटले, सरकू दे.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक जवळ आले. काम उत्तम झाले होते, त्यांचे डोळेही भरून आले होते. ते म्हणाले, “सगळं छान झालंय, फक्त दुसऱ्या अंकात तिचा भांग बोटभर डावीकडे गेलाय. उद्या तेवढा तुम्ही सरळ करून द्या.” मी त्यांना पहिल्या अंकातल्या भांगाची आठवण करून दिली आणि तो कुणी पाडला होता ते विचारले. ते काही वेळ रिकाम्या रंगमंचाकडे पाहत राहिले आणि मग मान हलवून निघून गेले.

पहिल्या प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकाची घंटा होण्याआधी मी तिचा खोपा सोडला, केस मोकळे केले, लाकडी फणी तिच्या हातात दिली आणि मागे सरकून उभी राहिले. आरसा बाकावर टेकवलेला होता, पण दिवा अंधुक होता. तिने फणीचे टोक कपाळावर टेकवले, तिथून मागे नेले आणि बोटांनी चाचपून पाहिले. भांग पुन्हा डावीकडे गेला होता. ती माझ्याकडे वळून पाहू लागली तेवढ्यात घंटा झाली.